घोडीच्या गोष्टीखालची ओळ

— नाही, तुम्ही परत वाचा. मनात नको, मोठ्यानं वाचा. ‘पागोटं’ — हे गोष्टीचं नाव. खाली गजराबाई पाटील — हे माझं. आणि दोघांच्या मधे ही बारीक टायपातली ओळ, ही काय आहे? ‘एका इंग्रजी कथेच्या आधारे.’ हां. मग आता मला त्या इंग्रजी कथेचं नाव सांगा. कोणी लिहिली, कुठं छापली, काहीतरी सांगा ना! नाही माहीत? तुम्हाला नाही माहीत, तुमच्या संपादकांना नाही माहीत, मला तर नाहीच नाही — मग तिघांनाही माहीत नसलेल्या कथेचा आधार मी घेतला कसा? अहो भाऊ, मी मराठी फायनल पास आहे, म्हणजे सातवी. माझं इंग्रजी एवढंच, की शाळेच्या भिंतीवर ए-बी-सी-डी रंगवलीय ती येता-जाता दिसते. या म्हसावदात इंग्रजी येणारी माणसं अडीच — एक डॉक्टर, एक पोस्टमास्तर, आणि अर्धे आमचे हे. बसा, बसा, उठू नका. मासिकाच्या कामानं पुण्याहून आलात, रात्रभर रेल्वेत अंग आंबवलंत, तापी नावेनं ओलांडलीत, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा बघितलीत आणि वाकडी वाट करून माझ्या ओट्यावर आलात, तर आता ऐकूनच जा. शेंगा घ्या. भाजलेल्या आहेत. हे शाळेत गेलेत, हेडमास्तर ना, घंटा झाल्याशिवाय सुटका नाही. ते येईपर्यंत तुमच्या संमतीच्या कागदावर सही-बिही काही होणार नाही, आणि ते आल्यावर पण होणार नाही, कारण गोष्ट त्यांची नाही, माझी आहे.

वाचलीय ना पण तुम्ही? पूर्ण? की नुसती ही ओळ तेवढी घेऊन आलात? — चाळलीय! चाळलीय म्हणे. पीठ चाळतात भाऊ, गोष्ट वाचतात. मग ऐका, मीच सांगते, म्हणजे इंग्रजी कुठं लागतं ते तुम्हीच दाखवा. धनुबाईचा नवरा जत्रेतून घोडी आणतो. पाटील माणूस, मिशीला पीळ, दारात घोडी पाहिजेच. पण बसायची भीती. लहानपणी पडलाय, कोणाला सांगितलं नाही. आणि घोडी तर फिरवायला लागते, नुसती बांधून ठेवली की बिघडते. मग धनुबाई काय करते — पहाटे, धुक्यात, त्याचं पागोटं डोक्याला गुंडाळते, त्याचा सदरा घालते, लुगड्याचा काचा घट्ट मारते आणि घोडी घेऊन नदीच्या पात्रात उतरते. तोवर तो दार लावून घरात. गाव लांबून बघतं आणि म्हणतं, वा, काय बसतो पाटील! मग हा दुपारी पारावर जाऊन ते कौतुक ऐकतो. आधी शरमतो, मग सवय होते, मग त्याला खरंच वाटायला लागतं की आपणच बसतो — हे महत्त्वाचं आहे भाऊ, त्याला खरं वाटायला लागतं ते, ते नीट वाचा. मग जत्रेत शर्यत लागते, लोक म्हणतात पाटील, तुम्ही उतरा, आणि हा आपल्याच कीर्तीला भुललेला, हो म्हणतो! रिकिबीत पाय ठेवतो, आणि घोडी त्याला ओळखतच नाही. झटकून देते, आणि गर्दीतून सरळ धनुबाईपाशी येऊन उभी राहते, तिच्या पदराला नाक लावते. अख्खी जत्रा बघतेय. नवरा धुळीतून बघतोय. आणि धनुबाई म्हणते, ‘मी दाणा चारते ना तिला, म्हणून.’ संपली गोष्ट. आता यात इंग्रज कुठं आहे ते बोट ठेवून दाखवा.

काय म्हणालात? — बाई घोड्यावर बसते, हे आपल्याकडचं वाटत नाही? संपादक म्हणाले? अहो, आपल्याकडं बाई बसतच नाही घोड्यावर! म्हसावदात नाही, शहाद्यात नाही. तुम्ही जत्रेत हिंडून आलात ना, एवढी घोडी उभी आहेत ओळीनं, दिसली एकीवर तरी बाई? नाही ना? मग मी कुठून आणली? डोक्यातून आणली! दिसत नाही म्हणूनच रचावी लागली. दिसली असती तर बातमी लिहून पाठवली असती, गोष्ट कशाला लिहू? तुम्हा लोकांचं गणित मला कळत नाही. जे डोळ्यांपुढं नाही ते एकदम विलायतेतच असलं पाहिजे काय? मधे काही नाहीच? माणसाचं डोकं नावाची काही जागा नाही?

आणि ऐका, मी स्वतः जन्मात घोडीवर बसलेली नाही. हात लावायला भिते. शेजारच्या उखा पाटलाची घोडी गल्लीतून गेली तर मी या खांबाआड होते, हसा खुशाल. मग घोडी पळते तेव्हा मांडीखाली काय होतं, ते कसं लिहिलं — हे विचारा ना मला! हे एक कोणी विचारत नाही. सांगते. माझे वडील वखर हाकायचे तेव्हा वखरावर वजन पाहिजे म्हणून मला बसवायचे. पुढं बैल, खाली काळी जमीन, ढेकूळ आलं की सगळं अंग दातांपर्यंत हलायचं, आणि मी दांडी धरून ओरडायची, अजून जोरात, अजून जोरात! ते हलणं मी उचललं आणि घोडीच्या पाठीत घातलं. तीस वर्षांपूर्वीचा वखर, त्याची घोडी केली. दुपारभर बसले होते त्या एका परिच्छेदासाठी, चुलीवर डाळ करपली. याला तुम्ही ‘आधारे’ म्हणता? मग लिहा, ‘एका वखराच्या आधारे’. लिहा! मी सही करते.

हसू नका. मी चेष्टा करत नाहीये. मला ही ओळ नकोय, एवढंच माझं म्हणणं आहे. पहिली गोष्ट आहे माझी, पहिल्यांदा नाव छापून येणार, आणि त्या नावाच्या डोक्यावर तुम्ही धोंडा ठेवून आणलाय — काय? मग गावात कुठंतरी घडलंय का? बघा! बघा, एक दार लावलं तर दुसऱ्या दारानं आत आलात. इंग्रजी नाही म्हटलं की लगेच — मग खरंच घडलं असेल, कोण ती बाई, कोणाचा नवरा. म्हणजे बाईनं लिहिलं की एक तर चोरलं, नाहीतर तिच्यावर गुदरलं. रचलं असं काही असतच नाही बाईचं. पुरुषानं डोंगर हलवला तर प्रतिभा, आणि आम्ही एक घोडी पळवली तर — कुठं बघितलीत बाई, कोणी सांगितली बाई? कोनीच सांगी नही! हे बघा, रागावले की आमची बोली निघते. कोणीच सांगितली नाही. कुठंच घडली नाही. गावाचं नाव नाही, पाटलाचा पत्ता नाही. सगळं खोटं आहे भाऊ, पहिल्या अक्षरापासून खोटं, आणि ते खोटं माझं आहे, त्याच्यासाठी मी भांडतेय.

तुम्ही आखाजीचा बार बघितलाय कधी? कुठून बघणार. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात — हे तुमच्या मासिकात येतं, गोड-गोड, चौकटीत. पण त्याच सणाला आम्ही बार खेळतो ते कोणी छापत नाही. नदीच्या या काठावर एका गावच्या बाया, त्या काठावर दुसऱ्या गावच्या, आणि मधल्या वाळूवरून शिव्या. गाण्यात शिव्या, नाचून शिव्या, घसा बसेस्तोवर. पुरुषांनी त्यात तोंड घालायचं नाही, कोणी रागवायचं नाही, सांजेला सगळ्या परत गोड. माझं माहेर गोमाई नदीच्या काठचं. तिथं आमच्यात नियम एकच होता — शिळी शिवी चालायची नाही. मागच्या वर्षीची काढलीत की समोरच्या बाया ती तुमच्या आधी पुरी करून टाकायच्या आणि टाळ्या पिटायच्या, ‘शिळी शे वं माय, शिळी शे!’ तोंड लपवून घरी जायची पाळी यायची. माझी आत्या छबूबाई, अक्षर एक येत नव्हतं तिला, पण अख्ख्या काठावर तिच्यासमोर कोणी टिकत नव्हतं. तिनं मला पुढं उभं केलं, मी परकरातली, आणि कानात म्हणाली, ‘समोरनी बाईनी चोळीले ठिगळ शे, ते बठासले दिसस. ते कोना धोतरनं शे, ते तू सांग.’ कळलं का? ठिगळ सगळ्यांनाच दिसतं. ते कोणाच्या धोतराचं आहे, ते तू सांगायचं! मी सांगितलं. असं सांगितलं, की ती बाई स्वतःच पोट धरून वाळूत बसली. तिथं शिकलेय मी गोष्ट. आणि तुम्ही मला शिळ्याचा आळ घालता? मला?

तुमच्या मासिकाच्या गेल्या दोन वर्षांच्या गोष्टी मी वाचल्यात, शाळेत येतं ना. काढू का एकेक? ती मालती. पुण्यात सदाशिव पेठेत राहते, आणि बाहेर बर्फ पडतंय म्हणून भिंतीतल्या विस्तवापाशी पाय शेकत बसते. भिंतीतला विस्तव! अहो पुण्यात चूल भिंतीत असते काय? धूर कुठं जातो? नवरा घरी आला की टोपी काढून तिच्यापुढं वाकतो आणि तिच्या हाताचं — जाऊ द्या, मला बोलायला लाज वाटते, तुमच्या मालतीला वाटत नाही. मेरीची मालती केली, जॉर्जचा जयंत केला, लुगडं नेसवलं, पण बर्फ पुसायचं राहून गेलं. आणि त्या गोष्टीवर काय छापलं होतं? ‘स्वतंत्र सामाजिक कथा.’ छापलं होतं की नाही? मान खाली घालू नका, सांगा. का, तर तो बी.ए. झालेला. त्याचं बर्फ स्वतंत्र, आणि माझी तापीची वाळू उसनी!

मला माहितीय संपादक काय म्हणतात. तुम्ही आल्या-आल्या सांगितलंत — यात कमीपणा नाही बाई, उलट मान आहे, लोक आदरानं वाचतात, आणि लढाईमुळं कागद मिळत नाही, पानं कमी झाली, संशयाचं काही छापता येत नाही, तेवढी संमती द्या म्हणजे लगेच पुढच्या अंकात. लगेच! गाजर दाखवता? हा छापखान्यातला कच्चा खर्डा तुम्ही हातात दिलात, आणि खोटं कशाला बोलू, मी आधी माझं नावच बघितलं. छापलेलं नाव. शाई अजून बोटाला लागते. मी मघाशी बाहेरूनच परसात गेले ना पाणी आणायला, तेव्हा पाणी नव्हते आणत, तिथं उभी राहून नावावरून बोट फिरवत होते. मग ओळ वाचली.

आणि तुम्हाला खरं सांगू का — हे सांगणार नव्हते, पण आता तोंडाशी आलंय. तुमचं पहिलं कार्ड आलं होतं ना, मूळ कथेचं नाव कळवा म्हणून, ते वाचून मला काय झालं असेल? राग आला म्हणता? राग नंतर आला. आधी मी पेटी उघडली. जुने अंक, सुट्टी पानं, वाण्याच्या पुड्यांचे कागद सुद्धा, सगळं खाली ओतलं आणि शोधत बसले, की मी कुठं वाचलं तर नसेल? कोणीतरी सांगितलं असेल, मी विसरले असेन. एवढं शिकलेलं माणूस म्हणतंय तर असेलच कुठंतरी. माझ्याच गोष्टीत मी चोर शोधत बसले भाऊ! जेवण गोड लागेना. रात्री धनुबाईचं एक वाक्य आठवायचं आणि वाटायचं, हे इतकं बरं आहे, हे माझं कसं असेल. ऐकलंत? चांगलं आहे, म्हणून माझं नसेल. हे तुम्ही केलंत. तुमच्या दोन ओळींच्या कार्डानं केलं. त्यानंतर मी एक अक्षर लिहिलं नाही. बोरू हातात धरला की मागं कोणीतरी उभं राहून विचारतंय, हे कुठलं, हे कुठलं. गोष्ट चोरणारा परवडला, तो नुसती गोष्ट नेतो. तुम्ही तर माझी हिंमतच नेलीत.

पुन्हा तेच! शैली? कोणाची शैली? — मास्तरांची? आमच्या ह्यांची? अच्छा. ह्यांचं धुळ्याच्या शिक्षक परिषदेतलं भाषण तुमच्या मासिकात छापून आलं होतं, संपादकांना फार आवडलं होतं, आणि ‘पागोटं’ वाचल्यावर त्यांना वाटलं, की हीच ती शैली, तीच ती छोटी वाक्यं, तोच टोमणा, म्हणजे मास्तरांनीच इंग्रजीवरून उतरवून बायकोच्या नावानं — हो का? असं वाटलं? शैली मिळते म्हणता! मिळणारच. एकाच — जाऊ द्या. काही नाही. एकाच घरातली माणसं म्हणायचं होतं मला. एका घरात राहिलं की भाषा एक होते. शेंगा घ्या ना, हातच लावला नाही तुम्ही. टरफलं इथंच टाका.

नाही, तुम्ही सांगा, अजून काय म्हणाले संपादक? — त्या मोरनी घोडीचं वर्णन फार सुंदर उतरलंय म्हणाले? बरं. त्यांना म्हणावं —

काय म्हणालात? मोरनी?

मोरनी कुठून आणलीत तुम्ही? गोष्टीत घोडीचं नाव चांदणी आहे. हा तुमचाच खर्डा, हे बघा, चांदणी, इथं चांदणी, इथंही चांदणी. मोरनी कुठंच नाही. पहिल्या कच्च्या लिखाणात होतं मोरनी. मग उखा पाटलाच्या घोडीचं तेच नाव, उगाच शेजाऱ्यांत तोंड वाजायला नको म्हणून मी बदललं, आणि चांगलं उतरवून तुम्हाला धाडलं ते चांदणी करूनच. मोरनी फक्त एकदा वाचली गेली. या ओट्यावर. ऐकणारं माणूस एकच होतं. आता तुम्ही खोकू नका. पाणी नंतर देईन. संपादकांना मोरनी कोणी सांगितली?

धुळ्याला. या दिवाळीनंतरच्या परिषदेला. बोला की सरळ — ते आपणहून संपादकांकडं गेले, आणि म्हणाले, आमच्या घरातून एक गोष्ट आलीय तुमच्याकडं, ती मोरनी घोडीची, ती काही तिची नव्हे, मीच तिला एक इंग्रजी गोष्ट सांगितली होती, तर तसा उल्लेख असावा. असंच ना? शब्द थोडे इकडं-तिकडं, पण असंच ना? मान हलवा नुसती. बस. हलली.

मन्हा घरना मानूस! मन्हा घरना मानूसनी सांगं तुम्हले! माझ्याच घरच्या माणसानं! आणि मी पुण्याला शिव्या देत बसलेय. तुम्ही आलात तेव्हा कोणाला घर न विचारता थेट ओट्यावर आलात, तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला. वाचून दाखवली त्या रात्री जेवताना हे म्हणाले, घोडी फार छान जमलीय गजरे, पण बायामाणसानं असलं लिहू नये, लोक भलतं समजतात. मी म्हटलं, काय भलतं? तर ताटावरून उठले. मला वाटलं, मिरची जास्त झाली. अहो, त्या गोष्टीतला पाटील म्हणजे हे नव्हेत! ह्यांना मिशी तरी आहे का? मी ह्यांच्यावर लिहिली नाही. देवाशपथ सांगते, लिहिताना हे माझ्या डोळ्यांपुढं एकदा पण आले नव्हते. मला फक्त धुकं दिसत होतं, आणि पागोटं बांधणारे हात. पण ह्यांना ऐकताना कोण दिसलं? बायको पहाटे उठून नवऱ्याचं पागोटं घालते, गाव म्हणतं वा पाटील — कोणाला टोचलं ते? ज्याचं पागोटं होतं त्याला! आता मी तरी कशाला लपवू. ते धुळ्याचं भाषण — ज्याची छोटी वाक्यं तुमच्या संपादकांना आवडली — ते भाषण मी लिहिलं. इन्स्पेक्टर आले तेव्हाचं स्वागत मी लिहिलं. शहाद्याच्या वाचनालयातलं व्याख्यान, तो पावसाळ्यातला लेख, लग्नातली मंगलाष्टकं सुद्धा, ज्याच्यासाठी ह्यांना शेला मिळाला. मला कधी वाईट वाटलं नाही त्याचं. आपल्या माणसाचं नाव होतंय, होऊ दे. एक गोष्ट, एकच, म्हटलं माझ्या नावानं जाऊ दे. तर ती सुद्धा इंग्रजाला देऊन टाकली! मला नाही द्यायची ना, स्वतः घ्यायची छाती नाही, म्हणून कोणातरी गोऱ्याला दिली, म्हणजे गोष्टीतला भित्रा पाटील पण गोरा, आणि आमचे हे सुटले.

आणि मी मूर्ख, पेटी उपसत बसलेय पंधरा-पंधरा दिवस! हे बघत होते समोर बसून. पानाला चुना लावत विचारत होते, ‘काय धुंडी ऱ्हायनी वं?’ मी म्हणत होते, बघतेय मी ही गोष्ट कुठून चोरली ते. आणि हे गप्प. त्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आहे. संपादकांना सांगितलं ते भीतीपोटी सांगितलं असेल, माणूस आहे. पण मी वेडी व्हायला लागले होते, आणि एका शब्दानं सुटले असते, तो शब्द ह्यांच्या तोंडात होता आणि ह्यांनी पान चघळलं.

येऊ देत शाळेतून. येऊ देत — थांबा. ती टोपी कोणाची खुंटीवर? काळी? टोपी घातल्याशिवाय आमचे हे ओट्याची पायरी उतरत नाहीत. म्हणजे शाळेत गेलेच नाहीत. मधल्या दाराआड आहेत. तुम्ही आलात तेव्हापासून आहेत. तुम्हाला माहीत होतं? नका सांगू, कानाची पाळी लाल झाली तुमची. बरंच झालं. मला परत सगळं सांगत बसायला नको.

पेन्सिल द्या तुमची. द्या हो, खाणार नाही. ही ओळ — ही गेली. अजून एकदा, म्हणजे वाचताच यायला नको. हा घ्या तुमचा खर्डा. छापायची तर अशी छापा, नाहीतर माझे कागद टपालानं परत पाठवा. संपादक नाही म्हणतील? म्हणू देत. मला ठाऊक आहे ते नाहीच म्हणतील, दुसरं मासिक मला ओळखत नाही, आणि माझं नाव काही छापून यायचं नाही. कळतंय मला. जीव तुटतोय माझा, दिसत नसेल तर सांगते. पण पेटीत पडली तरी माझी म्हणून पडेल. आणि मी उद्या दुसरी लिहायला घेणार आहे, तिच्यात काय आहे ते या घरात कोणाला वाचून दाखवणार नाही.

ऐकलंत? आतून आवाज आला. ‘गजरे, पुरे.’ पुरे म्हणे! एवढंच जमलं. लग्नाला अठरा वर्षं झाली भाऊ, उखाण्याशिवाय ह्यांचं नाव मी तोंडातून काढलं नाही. हिलाल छगन पाटील! हिलाल छगन पाटील, हजर आहात ना? मग बाहेर या. असे इथं उभे राहा, पाहुण्यांच्या समोर, आणि एक वाक्य सांगा — ही गोष्ट कोणी लिहिली. मोठं नको, भाषण नको. एक वाक्य.

बोला.

नाही भाऊ, तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत थांबू नका, तुमची गाडी चुकेल. त्यांना बोलायचं ते लिहून लागतं. आज मी लिहून देणार नाही. निघा तुम्ही.